तुझ्या खोलीच्या जाळ्या

तीर्थस्वरूप सिग्रूनताईस,

गिमलीहून धाकट्या हल्दोराचा नमस्कार. तुझा गुडघा, मुलगा आणि सूनबाई खुशाल असतील. तिकडे समुद्रकाठी जानेवारीत फुलं उमलली, वाचून आनंद झाला. (फोटो पाठवायची गरज नव्हती.) इथे उणे चौतीस आहे आणि मी मजेत आहे.

फर्नेसचं तेवढं ऐक. सोमवारपासून तळघरातली ही घर तापवणारी बया सुरू व्हायची, पाच मिनिटं घुमायची आणि गप्प बसायची. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आधी मी थर्मोस्टॅटचे सेल बदलले. घरात नवे नव्हते म्हणून टीव्हीच्या रिमोटमधले घातले, त्यामुळे दोन दिवस एकच चॅनेल बघते आहे (मासेमारीचं, गळाबद्दल आता काहीही विचार). मग फिल्टर बदलला. तो उलटा बसल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. सरळ केला, तरी हिचे रुसवे चालूच. शेजारचा बाल्दुर म्हणाला, तिच्या धुराच्या नळीच्या बाहेरच्या तोंडाशी बर्फ धरला असेल. म्हणून गाऊनवर कोट चढवून, सूप वाढायचा डाव घेऊन बाहेर गेले आणि बर्फ खरवडला. वळते तर दार मागून लागलेलं. आपण बाल्दुरकडे ठेवलेली घराची जादा किल्ली त्याला सापडेपर्यंत तासभर त्याच्याकडे बसले. "हल्ली स्वयंपाक अंगणात करतेस का?" त्याने डावाकडे बघत विचारलं.

शेवटी ओरेस्ट मेकॅनिकला बोलावलं. तो प्रत्येक खोलीत जाऊन जाळीवर हात धरून बघत होता. तुझ्या खोलीत थांबला. गरम हवेच्या दोन्ही जाळ्या बंद, हवा परत ओढणाऱ्या मोठ्या जाळीला चिकटपट्टी, आणि पुढ्यात नाताळच्या भांड्यांचं खोकं.

"हे कुणी केलं?"

"मी. रिकाम्या खोलीला ऊब कशाला?"

"बाई, तुम्ही हिचा श्वास कोंडलात. हवा फिरत नाही, मग अशा कडाक्यात ही नको तेवढी तापते आणि आपली आपण बंद होते. बिघाड हिच्यात नाही."

(मग कुणात, ते त्याने सांगितलं नाही. भला माणूस आहे.)

ऊब वाचवायला केलं, असं मी त्याला सांगितलं. खरं तुला सांगते. फर्नेसची हवा सुटली की तुझ्या खोलीचं दार हळूच उघडायचं, आणि दर वेळी मी दुसरा कप काढायला उठायचे. तू मुलाकडे राहायला गेल्यापासून ऑक्टोबरभर उठले. एकदा कॉफी ओतलीसुद्धा. मग एक दिवस सगळं बंदच करून टाकलं.

ओरेस्टने पट्टी काढली, खोकं उचललं. दार हललं, तसं त्याने विचारलं, "पाचर ठोकून देऊ?" मी नको म्हटलं. आता फर्नेस दिवसभर नीट चालते. मी जागची उठत नाही. (बहुतेकदा.)

तू मुळीच काळजी करू नकोस. एकटीचं छान जमलं आहे.

तुझी,
हल्दोरा

ता. क. आईचा तो सात थरांचा आलुबुखाऱ्याचा केक केला. चार थरांवर आटोपला. सारण किती शिजवायचं ते तूच कधी नीट सांगितलं नाहीस.

ता. क. २. एकोणीस फेब्रुवारीला बाल्दुर मुलीला आणायला विनिपेगच्या विमानतळावर जाणार आहे. गाडीत एक जागा रिकामी आहे. तुमच्याकडचं विमान दुपारी तीनला उतरतं. सहज चौकशी केली.

ता. क. ३. चार दिवस आलीस तरी पुरे.

ता. क. ४. चार दिवस पुरणार नाहीत.