गाव नम्र झालं तो महिना

सोमवार, ३ फेब्रुवारी

ठरलं! तेवीस तारखेच्या रविवारी चर्चचा कारभार पाहायला मंडळीचे दोन नवे वडीलजन निवडायचे. पाळकांनी काल उपासनेनंतर सांगितलं – उमेदवार नाही, प्रचार नाही. प्रत्येकाने प्रार्थना करून चिठ्ठीवर दोन नावं लिहायची. आणि ज्याला पदाची हाव आहे त्याचं नाव लिहू नका. एवढं बोलून ते चष्मा पुसायला लागले. पुरुषांच्या बाजूच्या पुढच्या चार बाकांनी लगेच माना खाली घातल्या.

आमचे हे त्या बाकांवर नव्हतेच. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतात. तिथे वारा येतो म्हणे.

माझे बाबा वडीलजन होते. गेले तेव्हा तीन डोंगर ओलांडून माणसं आली होती. दादा त्याच्या गावात वडीलजन आहे. मी रस्त्यावर खडी फोडणाऱ्याशी लग्न केलं तेव्हा दादा म्हणाला होता, "सियामी, आता मागे बसायची सवय कर." वीस वर्षं झाली, अजून बोचतं. मला हे हवंय. इथे कोण वाचतंय – हवंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गाव एकदम नम्र झालंय. दुकानवाल्या पु थुआमाने – मोठ्या पुरुषाला 'पु', बाईला 'पी' म्हणायची आमची रीत – काल चर्चच्या पायऱ्या धुतल्या. झऱ्यावर डबा भरायला दोन-दोन तास रांग, आणि हा गृहस्थ पायऱ्या धुतोय! शाळामास्तर वाटेत भेटेल त्याचं ओझं उचलतात. काल माझी लाकडाची टोपली ओढायला लागले, मी सोडेना, त्यात टोपलीचा पट्टा तुटला. कबर खणायला तिघांनी आधीच नावं दिलीत. मरायला मात्र कुणी तयार नाही.

यांना म्हटलं, "तुम्हीही शनिवारी चर्च झाडा."

"झाडतो की."

"कधी? मी तर पाहिलं नाही."

"पहाटे. लोक यायच्या आत. नाहीतर धूळ उडते."

मी कपाळाला हात लावला.

झऱ्यावरून येताना पी दावंगीकडे गेले. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, पुढेमागे कुणी नाही, घर वाटेवरच. कूस बदलवताना मनगटाला चावली मला. "हात आहेत की खडी?" म्हणते. पाठीची जखम धुवून, फडकी वाळत घालून घरी येईपर्यंत भात करपला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पी ह्लुनी विधवेचं छप्पर यांनी शाकारून दिलं. दोन पहाटे. मला पत्ता नाही! ह्लुनीनेच आलं आणून दिलं तेव्हा कळलं.

"दिवसा करायचं ना, चार माणसांनी पाहिलं असतं."

"दिवसा खडी असते."

असल्या माणसाला काय करायचं? दिव्याला बरणीत कोंडून ठेवणारा माणूस!

बुधवार, १२ फेब्रुवारी

झऱ्यावर पी रेमीला सांगितलं. सहज. म्हटलं, "कुणाला बोलू नकोस हं, यांना आवडत नाही." रेमीला असं सांगितलं की झालं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

झालं. गाव छपराबद्दल बोलतंय. आज दोघींनी मला रांगेत पुढे घेतलं. दादाला निरोप पाठवला – तेवीसला ये, मुक्कामाला ये. चुलीवर धुरावलेलं डुकराचं मांस आहे ते त्या दिवसासाठी राखून ठेवलंय.

रविवार, १६ फेब्रुवारी



संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हाताऱ्या वडीलजनांनी स्वतःहून विषय काढला. "आपल्यात असा एक भाऊ आहे, जो अंधारात छप्पर शाकारतो." सगळ्या माना मागे वळल्या. आणि हे उभे राहिले.

"बांबू पु थुआमांचे होते," हे म्हणाले. "दुकानामागे पडलेले, त्यांनी घेऊन जा म्हटलं. ते नसते तर मी काय शाकारणार होतो?"

आणि बसले! सगळ्या माना वळल्या थुआमाकडे. थुआमाला ते बांबू आठवतसुद्धा नसणार. एक क्षण गोंधळला, मग काय सुंदर मान खाली घातली त्याने!

घरी आल्यावर मी फुटले. "त्या बांबूंची चौकशी कुणी केली होती?"

"गावाला कुणी सांगितलं?" यांनी विचारलं.

मी चुलीतली राख ओढायला लागले.

"झारझोईची आई," लेकराच्या नावाने हाक मारून हे म्हणाले, "केलं ते देऊन टाकलं. दिलेलं परत आणून आपल्या घरात मांडू नको."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मी बोलत नाहीये. हे बोलताहेत, जणू काही झालंच नाही. त्याने आणखी डोकं फिरतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पी दावंगीला ताप. अंग पुसलं, पेज भरवली, अर्धी माझ्या अंगावर आली.

"तुझा नवरा वडीलजन होणार म्हणतात."

"होईल."

"मग तू बाकीच्या वडीलजनांच्या बायकांसारखी इस्त्रीचं लुगडं नेसून बसशील. मला कोण फिरवणार?"

"गप पडून राहा," म्हटलं. हिचं सगळं स्वतःपुरतं. मी वडीलजनाची बायको झाले म्हणून झऱ्याची वाट काय बदलणार आहे?

शनिवार, २२ फेब्रुवारी

दादा आला. नवा कोट. चहा पिता पिता यांना म्हणाला, "काय मेहुणे, उद्यापासून पुढे बसावं लागणार. पुढे वारा येत नाही हो."

हे हसले. "मग तुम्हाला तिथे उकडत असेल," म्हणाले.

दादाही हसला. मी हसले नाही. यांच्या पांढऱ्या शर्टावर कोळशाची इस्त्री दोनदा फिरवली. कॉलर विरलीय, उलटून शिवली. प्रार्थनेला गुडघे टेकले, पण तोंडातून एका वाक्यापलीकडे दुसरं काही निघेना. प्रभू, यांना होऊ दे. यांना होऊ दे. ही प्रार्थना आहे की हट्ट, कोण जाणे.

रविवार, २३ फेब्रुवारी

चिठ्ठीवर पहिल्या ओळीत यांचं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीत मुद्दाम बहिऱ्या पु वांगाचं, म्हणजे ते मत कुणाच्या कामी यायला नको. बायकांच्या बाजूने मान लांब करून पाहिलं. हे शेवटच्या बाकावर पेन्सिल धरून बसलेले. कितीतरी वेळ. नंतर वाकून लिहिलं.

मोजणी करायला शहरातून पाहुणे पाळक आलेले. दुपारी घंटा झाली, सगळे परत जमलो.

पाहुणे आधी बाद चिठ्ठ्यांबद्दल बोलले. काही कोऱ्या, काही अर्धवट. "आणि एका चिठ्ठीवर चक्क एका बाईचं नाव आहे," ते म्हणाले. "वडीलजन पुरुष असतात हे आपल्याला माहीत आहे. ज्या बंधूने लिहिलं त्याने चष्मा बदलून घ्यावा." सगळं चर्च हसलं. मी तर सगळ्यात मोठ्याने. इतक्या दिवसांचा ताण, एकदम सुटला. म्हटलं, "असला कोण येडा!" रेमीने मला कोपर मारलं तरी थांबता येईना.

मग नावं वाचली. पु थुआमा. शाळामास्तर.

मी वाट पाहत होते. तिसरं नाव नव्हतंच, दोनच निवडायचे होते, तरी वाट पाहत होते.

हे मागून चालत आले, थुआमाचा हात दोन्ही हातांत धरला, मास्तरांचाही. खरोखर खूश होते. नाटक असतं तर मला समजलं असतं. दादा म्हणाला, "पुढच्या वेळी, सियामी," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मांस शिजवलं, वाढलं. त्याने तीनदा घेतलं. माझं ताट तसंच झाकून ठेवलं. रात्री उशीत तोंड खुपसून रडले. मेलेल्या बाबांना मी काय तोंड दाखवू असं वाटत होतं, आणि आपण हे कशासाठी रडतोय याची लाजही वाटत होती.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दादा गेला. आठवडाभर कुणाशी बोलू नये असं वाटतंय. पी दावंगीकडे तेवढी जाऊन आले. नवीन फडकी हवीत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

चुलीपाशी शेवटी विचारलंच. "तुम्ही कुणाची नावं लिहिलीत?"

"एक थुआमाचं. तो मनापासून करील."

"आणि दुसरं?"

लाकूड आत सारलं यांनी.

"तुझं."

रविवारी माझं हसणं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असणार.