ह्यांनी ‘नाही’ दाबलं

३ फेब्रु.
लेकीने, मेघनाने, ह्यांच्या फोनवर तब्येतीचं ॲप घालून दिलंय. ह्यांचे भाऊ, सुधाकरभावोजी, गेल्यापासून हे फार गप्प, म्हणून. रोज सकाळी ते विचारतं, झोप लागली का, भूक आहे का, मन कसं आहे. हे चहा घेता घेता उत्तरं दाबतात. मी विचारलं की फक्त "बरंय."

१० फेब्रु.
वरणाला फोडणी देत होते. मेघनाचा कल्याणहून फोन. आवाज अगदी हळू. "आई, बाबा कुठे आहेत?"
म्हटलं, बाहेर मटार सोलतायत.
"त्यांनी आज ‘जगावंसं वाटतं का’ ला ‘नाही’ दाबलंय. ॲपकडून मला मेसेज आलाय."
फोडणी करपली. गॅस बंद करून ह्यांच्याशेजारी जाऊन बसले. मटार सोलू लागले. विचारणं काही जमलं नाही.

११ फेब्रु.
मेघनाकडे जातो म्हणून हे निघाले. दुपार उलटली तरी तिच्याकडे पोचले नाहीत. फोन बंद. ती कल्याण स्टेशनवर शोधत, मी इथे ठाण्यात वर्तकनगरला गॅलरीत, येणारी प्रत्येक रिक्षा बघत. नको नको ते मनात.
दिवेलागणीला आले. कल्याणच्या पुढे खडवलीला गेले होते. भावोजींच्या अस्थी जिथे सोडल्या तिथे, नदीवर.
"कशाला?"
"बसलो होतो."
पँट गुडघ्यापर्यंत ओली.

१२ फेब्रु.
मेघना आली. तिने ह्यांना मेसेजचं सांगून टाकलं. हे चिडले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "ते कुणाला सांगणार नाही, म्हणून त्याला सांगितलं." ॲप काढून टाकलं. मेघना रडत गेली. एवढा संसार केला आणि मन उघडं करायला ह्यांना फोन... जाऊ दे.

१४ फेब्रु.
आता तर काहीच कळायचा मार्ग नाही. बाथरूममध्ये वेळ लागला की मी दाराशी. आज आतून म्हणाले, "आहे गं."
बाहेर आल्यावर म्हटलं, "मला भीती वाटते. मला सांगा."
टॉवेलची घडी घालत राहिले. मग, "सकाळी वाटतं, कशाला जाग आली. रोज नाही वाटत."
"आज?"
"आज वाटलं."
मी हात धरून बसले. मेघनाला डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं. हे नको म्हणाले नाहीत.

१७ फेब्रु.
मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे. नंबर आला तशी मीही उठले. "तू बस," म्हणाले. दारापर्यंत जाऊन वळले. "कुठे जाऊ नकोस."
बाहेर बसून लिहितेय. बराच वेळ झाला. आत हे बोलतायत की डॉक्टरच, इथवर ऐकू येत नाही.