राहिलेली थप्पड

सणसर, १९३६

गेनबा मास्तर,

नमस्कार लिहीत न्हाय. बारामतीहून तुमचा होकार आला, माझी यमुना तुमच्या मुलाला पसंत हाय म्हणं. तुमी मला मात्र ओळखलं न्हाय. हितल्या शाळेत मी तुमच्यापुढं बसायची, मळेवाल्या रामहरीची लेक द्वारका.

ज्याला उत्तर आलं, त्यानं चुकलेल्यांचं नाक धरून गालात थप्पड मारायची, असा तुमचा शिरस्ता होता. एकदा तुमी औटकी विचारली, साडेतिनाचा पाढा. सगळी पोरं अडखळली, मी घडाघडा म्हटला. मारायला उठले तर तुमी ओरडलात, "पोरीच्या जातीनं पोरांवर हात उचलायचा न्हाय!" संध्याकाळी मळ्यात येऊन अप्पांना सांगितलंत, "हिला घरीच ठेवा." दुसऱ्या दिवसापास्नं मी वांगी तोडायला लागले.

परवा बघायला आलात, तवा यमुनेलाही तुमी औटकीच विचारलीत. तिनं सगळी म्हटली. मी चहा देता देता तुमच्या चिरंजीवांना विचारली, तर ते आढ्याकडं बघत बसले. तुमी हसलात, "त्याला कशाला? तो पुरुष हाय."

हे पत्र मी टपालात टाकणार न्हाय. तुमाला फक्त होकार कळवीन. सुपारी फोडायला या, चार गावची माणसं आणा. सगळी बसली की मी मुलाला पुन्हा औटकी विचारणार हाय.

यमुनेला सगळं सांगितलंय. ती एवढंच म्हणाली, "आई, नाक कुठल्या हातानं धरायचं?"

तुमी शाळेतून काढलेली,
द्वारका