विमलबाईंचं उत्तर

बुधवार, ५ फेब्रुवारी. इस्लामपूर.
आज बायबल क्लासच्या खुर्च्या गोल मांडल्या. इतकी वर्षं मी बोलतोय आणि मंडळी माना डोलावतेय. शाळेतून रिटायर झालो, पण फळा सुटला नाही. आज एकच प्रश्न विचारून तोंड मिटायचं ठरवलं.

पाठ लाजराचा. भाऊ आजारी म्हणून बहीण मार्थेनं निरोप धाडला, तरी प्रभू उशिरा पोचला. ‘भाऊ मेल्यावर प्रभू आला. मार्थेच्या जागी तुम्ही काय म्हणाला असता?’

बाहेर उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. शेवटी मीच तोंड उघडणार, तेवढ्यात विमलबाई.

“म्या दारातच म्हनलं असतं, आता कशाला आलास? जा माघारी.”

त्यांचा मुलगा फौजेत होता. रजेवर आला आणि रात्री मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर गेली. दवाखान्यात होता तोवर अख्खं चर्च गुडघ्यावर होतं. गेलाच.

मी गप्प राहिलो, कसाबसा. मग थॉमसकाका म्हणाले, बायको गेल्यावर त्यांनी वर्षभर प्रार्थनाच केली नाही. असा वर्ग उभ्या नोकरीत झाला नव्हता. फार बरं वाटलं.

रविवार, ९ फेब्रुवारी
गुरुवारी चर्चच्या पाळकसाहेबांना हौसेनं वर्गातलं सगळं सांगितलं होतं. काय गरज होती!

आज उपासनेत त्यांनी नाव घेऊन प्रार्थना केली. आमच्या विमलबहिणीचा विश्वास डळमळलाय, प्रभू तिला क्षमा कर. माणूस वाईट नाही. अगदी मनापासून केली, डोळ्यांत पाणी होतं. सगळे आमेन म्हणाले. विमलबाईसुद्धा.

मला मान वर करवेना.

बुधवार, १२ फेब्रुवारी
विमलबाई नाहीत. प्रश्न विचारला. ‘प्रभूची इच्छा.’ ‘विश्वास धरावा.’ सगळी पाठ केलेली उत्तरं. थॉमसकाका चष्मा पुसत बसले.

शनिवार, १५ फेब्रुवारी
त्यांच्या घरी गेलो. मेथी निवडत होत्या. माझं चुकलं, म्हटलं.

“आवं सर, म्या देवाला बोलले हुते. माझ्यासाटी प्रार्थना करा म्हनून कुनाला सांगितलं हुतं का?”

चहा केला त्यांनी. बुधवारी या म्हटलं. “बगते.”

बुधवार, १९ फेब्रुवारी
सकाळी पाळकसाहेबांचा फोन. “सर, प्रश्न जरा बेतानं विचारा. लोक बिचकतात.” हो म्हटलं.

आणि विमलबाई आल्या. समोरच बसल्या. माझा धीरच झाला नाही. पुन्हा काही बोलल्या आणि पुन्हा रविवारी... जुन्या टिपणांवरून सगळा पाठ एकट्यानंच घेतला. जाताना दोघंतिघं म्हणाले, आजचा पाठ लय छान झाला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारात विमलबाई थांबल्या होत्या.

“तुमी आज कायबी इचारलं न्हाई.”

“वेळ नव्हता,” म्हटलं. क्लास लवकरच सुटला होता.

“म्या बोलायलाच आले हुते,” म्हणाल्या, चप्पल घातली आणि निघाल्या.

मी खुर्च्या आवरत बसलो. दोन पावलं गेलो असतो तर गाठता आलं असतं.