नईमचं साल

७ डिसेंबर २०१४, रविवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, दाखवण्याच्या लायकीचं कुणी नाही.
वऱ्हाड बास्केटबॉल लीग सुरू होतेय. सहा संघ. अमरावतीचा मॅनेजर मी. मालक किसनराव, बियाण्याच्या दुकानाचे. त्यांच्याच काउंटरवर मी अकरा वर्षं बसलोय. आज म्हणाले, "कप आन खुशाल, तुले काउंटरवरून कायमचा उठवतो. नाई आनला तं टीम बंद, अन् मंग तू हायेस अन् काउंटर हाये."
काउंटरवर पुन्हा बसणार नाही. सोयाबीन उगवलं नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन लोक माझ्या अंगावर येतात. मी उगवतो का ते?
अकोल्याचा मॅनेजर जुबेर. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये माझ्या पासवर बास्केट मारायचा आणि पेपरात फोटो स्वतःचा. ह्याला हरवायचं. बाकीचं नंतर.

१० डिसेंबर, बुधवार
कमिटीची मीटिंग. कॅप ठरली. सगळ्या खेळाडूंचा मिळून सीझनचा पगार तीन लाखांच्या वर गेला की संघ बाद. अध्यक्ष माणिकबाई, रिटायर्ड क्रीडाशिक्षिका, गळ्यात अजून शिट्टी. मी सांगितलं, अमेरिकेत आपला जुना खेळाडू टिकवायला कॅप ओलांडू देतात. बाई म्हणाल्या, "तं जा अमेरिकेले." सगळे हसले. जुबेर सर्वांत जोरात. लक्षात ठेवलंय.
एक नियम मात्र मी भांडून घालून घेतला. करार संपलेला खेळाडू मोकळा, त्याला कोणताही संघ कधीही घेऊ शकतो. अमेरिकेत असंच आहे. मी पहाटे उठून तिकडच्या मॅचेस पाहतो, मॅचपेक्षा कॉन्ट्रॅक्टच्या चर्चा जास्त. कप कागदावर जिंकतात. वऱ्हाडात हे एकट्या मला कळतं.

१४ डिसेंबर, रविवार
प्रश्न नईमचा आहे. हिवरखेडचा पोरगा, सहा फूट चार इंच. तीन वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर दिसला, गाडीच्या टपावर पोतं चढवत होता, शिडी न लावता. तिथून उचलला. लेअप मी शिकवला, डावा हात मी चालवायला लावला. जेवतो आमच्याकडे. ललिता त्याला माझ्याआधी वाढते. नवऱ्याआधी! बोललो तर म्हणते, त्यो खेळून येते, तुमी बोलून येता.
जुबेरने त्याला एक लाख सांगितलेत. मी एक लाख दिले तर बाकीच्यांना चहा पाजायलाही कॅप उरत नाही. म्हणून दोघांना यवतमाळला देऊन टाकलं, जागा मोकळी केली. आता कळतंय की त्यातला एक आमचा एकुलता एक ड्रिबल करणारा होता. हे मला कुणी आधी सांगितलं नाही. सगळे टपलेले असतात.

१९ डिसेंबर, शुक्रवार
सुचलं! दाढी करताना सुचलं. कापलं, पण सुचलं.
नईमला सालदार ठेवायचा! आमच्या बाबांकडे सालदार असायचे, वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी. रोख थोडं, बाकी ज्वारी, कपड्यांचा जोड, जोडे. कॅप मोजते रोख रक्कम. ज्वारी मोजत नाही. रोख साठ हजार, सहा क्विंटल ज्वारी, बापाला घोंगडी. आणि खाली माझ्या हाताने लिहिलेलं वाक्य: बाकी सर्व चालीरीतीप्रमाणे. एका ओळीत दहा वकील बसवले.

२२ डिसेंबर, सोमवार
जुबेरने हरकत घेतली. मी कमिटीपुढे अर्धा तास बोललो. सालदारी ही आपली परंपरा, परंपरेला कॅप लावणार का? माणिकबाईंनी कागद पुन्हा पुन्हा वाचला. म्हणाल्या, "चालीरीत तं चालीरीत. पन मंग पुरी लागू होईन, अर्धी नाई." मी म्हटलं, पुरीच लावा. बाईंना पूर्ण पटलं.
जुबेर बाहेर येऊन म्हणतो, "खुशालभाई, दिमाग तो है आप में." जळतोय.

११ जानेवारी २०१५, रविवार
पहिली मॅच. बुलढाण्याला हरवलं. नईमचे एकतीस पॉइंट. बातमीत नईमचं नाव, मॅनेजरचं नाही. वार्ताहर अडाणी आहे.

८ फेब्रुवारी, रविवार
सलग चार जिंकलो. कटकट एकच. ज्वारी. किसनराव म्हणतात, यंदा पिकलीच कुठी, मी काय घरातून काढून देऊ? दुकानात न खपलेले फवारणीचे पंप पडलेत, त्यातला एक देऊन टाक म्हणाले. दिला. नईम पंपाकडे बघतच राहिला. "सर, ह्यो कायले?" मी त्याला नीट समजावलं की मोबदल्याचं स्वरूप लवचीक असतं. पंप खांद्याला लावून गेला. म्हणजे समजला.
ठराव: मार्चच्या आत ज्वारी देणे. निदान तीन क्विंटल.

१ मार्च, रविवार
सेमीफायनल जिंकलो. फायनल पंधरा तारखेला, आपल्याच कोर्टावर, अकोल्याशी. त्यांचा आधार नागपूरहून आणलेला एक धिप्पाड खेळाडू. पण खबर काढली. त्याला पैसे दर मॅचचे आणि करार वीस मार्चपर्यंत, पुढे रेल्वेच्या कॅम्पला जातो. फायनल वीसच्या पुढे गेली की अकोला लंगडं! आता पुढे ढकलायला कारण पाहिजे.

१० मार्च, मंगळवार
गारपीट!! कोर्टाला खळगे पडले, एक बोर्ड फुटला. पेढे आणावेसे वाटले. दुकानात गेलो तर सगळे गप्प. गहू झोपला, संत्री गळाली. एकजण माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "तुले कायचा आनंद होऊन राहिला बे?" वर शिवी. लोकांची विनोदबुद्धी गेलीय.

१२ मार्च, गुरुवार
कमिटी. अकोल्यात हॉल रिकामा आहे, सोळाला खेळू म्हणून बाई मागे लागल्या. मी हटलो नाही. होम कोर्टचा हक्क, प्रेक्षकांच्या भावना, दुरुस्ती, सगळं काढलं. तारीख घेतली, बावीस. जुबेर लगेच हो म्हणाला. मला चहासुद्धा पाजला. इतका घाबरलेला जुबेर मी कधी पाहिला नव्हता.

२० मार्च, शुक्रवार
नागपूरवाला गेला. स्वतः स्टेशनवर जाऊन खात्री केली. आता कप आपलाच. किसनरावांना म्हटलं, काउंटरला माणूस बघा.
ज्वारी द्यायची राहिली. फायनल झाल्यावर बघू. खेळाडूचं पोट भरलं की तो पळत नाही.

२१ मार्च, शनिवार, पाडवा
गुढी उभारली. नऊच्या सुमारास नईम फाटकाशी दिसला. ज्वारी मागायला! सणाच्या दिवशी! लाज नाही पोराला. मी सरळ बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला. ललिताने तीनदा दार वाजवलं. काय म्हणत होती कळलं नाही. मी आतून ओरडलो, त्याला सांग, दिलंय तेवढं पुरे, जास्तीचं माझ्याकडे काही नाही. टाकी रिकामी झाली तेव्हा बाहेर आलो. गेला होता. पुरणपोळी खाऊन गेला, वर तूप.
खंबीर राहिलो. मॅनेजरने भावनेत वाहायचं नसतं.

२२ मार्च, रविवार, दुपार
नईम अकोल्याच्या जर्सीत वॉर्मअप करतोय.
मी कमिटीच्या टेबलावर मूठ आपटली. बाईंनी माझाच कागद पुढे सरकवला. म्हणाल्या, "सालदाराचं साल पाडव्याले सरते, खुशालराव. काल पाडवा झाला. पोरगा मोकळा. ज्यानं नव्या सालाची उचल देल्ली त्याच्याकडे गेला. हेच तं चालीरीत हाय, अन् तुमीच म्हने पुरी लावा." मोकळा खेळाडू कधीही घेता येतो, हा नियमही त्यांनी वाचून दाखवला. मोठ्याने. मी म्हटलं, अकोल्याची कॅप? जुबेर म्हणाला, नागपूरवाला फायनल खेळत नाहीये ना, त्याचे पैसे वाचले, त्यात नईम बसला. जगह आपने ही ख़ाली करवाई, भाई.
हरामखोर. सगळेच. बारा तारखेला जुबेर लगेच हो म्हणाला तेव्हाच मला संशय यायला हवा होता. यायलाच हवा होता असं नाही, आला होता, पण मी दुर्लक्ष केलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
हरलो. नईम अठ्ठावीस. त्यातले निम्मे डाव्या हाताने. मॅच संपल्यावर तो माझ्याकडे येत होता. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. बूट बिननाडीचे होते.
टीम बंद. किसनरावांनी मैदानावरच सांगितलं, उद्या दहाले दुकान उघड.

२३ मार्च, सोमवार
दहाला काउंटर. साडेदहाला पहिली रिकामी पिशवी.
दुपारी जेवायला घरी आलो. ललिताने ताट आदळलं. दोन दिवस बोलली नव्हती, आज बोलली. मी म्हटलं, ज्वारीसाठी इमान विकलं तुझ्या लाडक्याने. ती म्हणाली, "ज्वारीचं नावबी नाई घेतलं त्यानं. घंटाभर बसला होता. म्हने, काकू, अकोल्यावाले उचल देऊन राहिले, घरी गरज हाय. पन सरांनी निसतं थांब म्हटलं तं मी कुठीच जात नाई. कायीच नको, निसतं थांब म्हना. मी दारावर थापा मारू मारू हेच सांगून राहिली होती. अन् तुमी आतून ओरडले, जास्तीचं मायाकडे काई नाई. त्यानं आयकलं ते. उठला, पाया पडला अन् गेला."
मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. ती उठून आत गेली.
जेवण गेलं नाही. वाईट वाटलं. तीन वर्षं रोज संध्याकाळी पोरगा समोर बसून जेवायचा, आज त्या जागेकडे बघवेना. फोन लावावा असं दोनदा मनात आलं. पण चूक माझी नाही, नळाचा आवाजच तेवढा आहे. उद्या प्लंबरला बोलावून वॉशर बदलून घेणे.