वस्ताद किती दुष्ट?

रविवार, दिवेलागण. वडगाव निंबाळकर, १९९६

टीव्हीवरच्या कार्टूनात, गावं जाळायला शिकवणाऱ्या वस्तादानं आज चेल्याला भिंतीवर आपटलं. दात सांडले, आणि चेला उठून त्याच्याच पाया पडला. माझ्या वडिलांसकट, आबांसकट, घरातले सगळे हसले. वस्ताद किती दुष्ट? गावं जाळणं वाईटच. पण ते पाया पडवून घेणं मला त्याहून वाईट वाटलं. की मीच उगाच...? आबांनी मला घरीच शिकवलं. लिंबाच्या फोकानं पाठ सोलली की मीही पाया पडायचे. उद्यापासून धाकट्या बहिणीची, सुमीची शिकायची पाळी.

"आबा, सुमीला मी शिकवते."

"तुला मारता येतंय व्हय?"

"न्हाय."

"मग ती शिकायची कशी?"

मी फोक उचलला आणि त्यांच्यादेखत मोडून चुलीत घातला. आबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलेत. भीती वाटतेय. पण उद्या सुमी शिकायला माझ्याकडेच बसेल.