चौथा तुकडा कुणाकडे आहे?

९ जानेवारी १९७७

आज पुस्तकाचा खून झाला! जेवणाच्या टेबलावर, मासे कापायच्या सुरीने.

सुरी चालवली उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या हवामान-स्टेशनच्या प्रमुखांनी, वेनियामिन ल्वोविच यांनी. पुस्तक रेनातचं – ‘ताऱ्यांपलीकडचा दिवा’. नव्या वर्षाच्या दिवशी पेटीतून बाहेर काढलं, तेव्हापासून आधी कुणी वाचायचं यावरून नुसती भांडणं. बेटावर माणसं चार, पुस्तक एक. म्हणून शिवणीवरून चार तुकडे. रेनात म्हणतो, “सगळ्या स्टेशनांवर असंच करतात, काका. सगळ्यांचं वाचून झालं की पुन्हा शिवायचं आणि जहाजातून पुढच्या बेटावर पाठवायचं.” काका! कझानचा हा रेडिओवाला, चोवीस वर्षांचा. याचा पहिला हिवाळा आणि माझा नववा. मी कधी याचा काका झालो?

मी सांगून टाकलं, मला नको. मी डिझेल इंजिनं बघतो. ती चालली तर चौघं जिवंत, थांबली तर चौघांची गारठून लाकडं. याहून मोठं काय असणार पुस्तकात?

तरी अंतोनिनाने पहिला तुकडा माझ्या बशीखाली सरकवला. अंतोनिना म्हणजे प्रमुखांची बायको. हवामानाच्या नोंदी तीच घेते आणि सूपही तीच बिघडवते.

१० जानेवारी

वाचलं नाही.

१२ जानेवारी

वाचलं. ग्लेब नावाचा माणूस सूर्यमालेच्या टोकाला एकटा बसून दिवा सांभाळतो, जाणाऱ्या-येणाऱ्या यानांना वाट दिसावी म्हणून. नऊ-नऊ वर्षं कुणी फिरकत नाही. लेखकाला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही – ग्लेब चालू पंपाचं झाकण उघडतो! हात तुटून पडला असता गाढवाचा.

पण एकट्या माणसाची चिडचिड मात्र बरोबर उतरलीय. चमच्याच्या आवाजानेसुद्धा संतापतो तो. हे कुणी सांगितलं असेल लेखकाला?

१९ जानेवारी

लुशाची तार आली. “सरपण संपत आलं. फोडायला माणूस नाही. लुशा.”

बत्तीस वर्षांचा संसार आणि ही भाषा! मी आणखी एका हिवाळ्याचा करार लिहून दिला, याचा राग अजून धगधगतोय. निघताना बंदरावर आली नाही. दारातूनच म्हणाली, “जा. पण मग या घरात परत पाऊल टाकू नकोस.” ती बोलते ते करते. ऑगस्टमध्ये जहाजातून उतरल्यावर दार उघडेल की नाही, खरंच सांगता येत नाही मला.

उत्तर लिहून दिलं – “शेजाऱ्याला सांग.” रेनात म्हणाला, “एवढंच, काका?” तुला काय करायचंय रे! तारा पाठवाव्यात, तारांवर मतं देऊ नयेत.

२५ जानेवारी

दुसरा तुकडा संपवला. तिसरा प्रमुखांकडे अडकलाय. ओठ हलवत वाचतात, पहिलीतल्या पोरासारखे. आणि म्हणे इंजिनियर!

३० जानेवारी

काहीतरी शिजतंय. मी जेवायला आत गेलो आणि तिघांचं बोलणं कापल्यासारखं थांबलं. अंतोनिनाने मला मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला. वर म्हणते, “खा, साव्हेली इग्नात्येविच, खा.” गेल्या आठवड्यात हीच बाई मला मीठ दे म्हटल्यावर फणकारली होती!

नक्की माझ्याविरुद्ध तक्रार लिहून पाठवलीय यांनी. मी तोंडाने फटकळ, म्हणून माझ्या जागी दुसरा मेकॅनिक मागितला असणार. लिहा. खुशाल लिहा. असा माणूस सापडतो का बघा.

७ फेब्रुवारी

लुशाची तार. जशीच्या तशी उतरवतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही –

“शेगडीपाशी बसते तेव्हा तुझ्या वाट्याची ऊब बाजूला काढून ठेवते. लुशा.”

ऊब बाजूला काढून ठेवते! या बाईने जन्मात माझ्यासाठी सूपसुद्धा बाजूला काढून ठेवलं नाही. “उशिरा येणाऱ्याने गार खावं” – हा तिचा कायदा. मग हे काय? काय लपवतेय? घर विकलं की काय?

रेनातला म्हणालो, “चुकीच्या माणसाची तार तर नाही?” तो म्हणाला, “नाही काका, तुमचीच आहे.” मान वर करून बोलण्याचीही पद्धत नाही पोराला.

८ फेब्रुवारी

उत्तर पाठवलं – “तब्येत बरी आहे ना?”

१५ फेब्रुवारी

महिन्यांच्या अंधारानंतर काल सूर्य दिसला. तिघं बाहेर नाचत होते, मी तिसरा तुकडा वाचत होतो. आणि कुठे येऊन संपावा तो! नऊ वर्षांनी यान येतं, ग्लेबच्या हातात टपालाची थैली पडते, आत बायकोची पत्रं. भांडून आलेला असतो तो – अगदी माझ्यासारखा. थैलीची गाठ सोडतो. संपला तुकडा!

तसाच उठलो आणि रेनातकडे गेलो. चौथा तुकडा कुठे आहे? “प्रमुखांकडे.” प्रमुख म्हणाले, “अंतोनिनाकडे असेल.” अंतोनिना म्हणाली, “त्यावर सूप सांडलं. वाळत घातलाय.”

“कुठे?”

“आहे कुठेतरी.”

तिघं मिळून एका माणसाच्या तोंडाला पानं पुसतात!

२२ फेब्रुवारी

अजून वाळतोय म्हणे. समुद्र आटला असता एवढ्यात.

८ मार्च

“रागावून गेलास तरी मी दाराला कडी लावत नाही. लुशा.”

माझी लुशा कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा दोन कड्या लावते. हसलो मी. एकटाच, इंजिनाच्या खोलीत. मग कडी नसलेलं ते दार डोळ्यांपुढून हलेचना.

काहीही असो. माणूस बदलतो. ती बदलली असेल तर मी काय दगड आहे? दुपारी रेनातच्या टेबलापाशी उभा राहिलो आणि तार सांगितली – “चूक माझी. ऑगस्टमध्ये येतो तो कायमचा. पुन्हा कुठे जाणार नाही. साव्हेली.” असले शब्द परक्या पोरासमोर उच्चारायचे म्हणून आधी दार लावून घेतलं. आणि तो नुसता पेन्सिल धरून बसलेला!

“लिही ना! की शुद्धलेखन येत नाही?”

“लिहितोय काका.”

“मग कागद कोरा कसा?”

“हवा खराब आहे. संध्याकाळी पाठवतो.”

बाहेर निरभ्र! हवा खराब! माझी गंमत करतो हा. एव्हाना त्या दोघांना ऐकवली असेल – म्हातारा विरघळला म्हणून.

९ मार्च

“गेली का तार?”

“गेली.” मान खालीच.

२० मार्च

अंतोनिनाने माझे मोजे रफू करून दिले. मी दिलेलेच नव्हते! माझ्या खोलीत शिरून नेले! मी ओरडलो तर डोळ्यांत पाणी आणून उभी राहिली. या बाईला झालंय काय? मला भांडायला तरी धड माणूस द्या कुणी!

२ एप्रिल

फार झालं. आज जेवणघराची वीज तोडली. सांगितलं, चौथा तुकडा हातात पडेपर्यंत चहा नाही, ग्रामोफोन नाही, विजेची चूल नाही.

प्रमुख धावत आले. लाल झाले होते. म्हणाले, “हा गुन्हा आहे, साव्हेली इग्नात्येविच!”

“लिहा माझ्याविरुद्ध.”

“अहो, एका पुस्तकासाठी?”

“पुस्तकासाठी नाही. तुम्ही तिघांनी वाचलंय आणि मला ताकास तूर लागू देत नाही, त्यासाठी! ग्लेबच्या बायकोने काय लिहिलं ते तुम्हाला ठाऊक आणि मला नाही. मी काय कुत्रा आहे दाराबाहेरचा?”

वाटलं, आता कडाडतील. तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात! एक ठोसा मारला असता तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी मीच वीज जोडली. गार मासा खात बसले होते तिघं.

५ एप्रिल

सापडला!!

रेडिओच्या खोलीत बॅटऱ्यांना पाणी घालायला गेलो होतो. रेनात जेवत होता. खोक्याच्या तळाशी मेणकापडात गुंडाळलेलं काहीतरी. चौथा तुकडा – कोरडा ठणठणीत, सुपाचा एक थेंब नाही! बॅटऱ्यांचं खोकं या स्टेशनवर फक्त मी उघडतो. लपवायलासुद्धा अक्कल लागते, रेनातसाहेब.

इंजिनाशेजारी बसून सलग वाचला. पहिल्या पत्रापाशीच थांबलो आणि खिशातली तार काढून ताडून बघितली. “शेगडीपाशी बसते तेव्हा तुझ्या वाट्याची ऊब बाजूला काढून ठेवते.” अक्षर न् अक्षर तेच! दोन पानांनंतर दाराची कडी!

लुशाने पुस्तक वाचलंय! कॅलेंडरच्या पानापलीकडे काही न वाचणारी माझी लुशा! तिकडेही ते हातोहात फिरत असणार. कुणीतरी तिला दिलं, तिने ग्लेबचं वाचलं आणि तिला मी आठवलो. स्वतःला बोलता येत नाही तिला, मलाही येत नाही. म्हणून ग्लेबच्या बायकोचं बोलणं उचलून पाठवलं. खूण केली मला! आणि मी विचारतो, तब्येत बरी आहे ना! मी ओळखलं का, म्हणून वाट बघून बघून थकली असेल बिचारी. या तिघांनी तुकडा दाबून ठेवला नसता तर फेब्रुवारीतच ओळखलं असतं.

तसाच तेलकट हातांनी जेवणघरात गेलो. म्हणालो, “तुम्ही लपवा! माझ्या बायकोने ते घरी बसून वाचलंय! तारांतून मला तेच लिहून पाठवतेय ती!” तारा काढल्या, पानं काढली, शेजारी-शेजारी मांडून दाखवली. सगळं माफ केलं म्हणालो. मोजेसुद्धा.

कुणी हसलं नाही. जळतात! रेनात ताटावरून उठून बाहेर गेला, टोपीही न घालता. अंतोनिनाने तोंडावर डोक्याच्या रुमालाचं टोक धरलं. दुसऱ्याचं सुख बघवत नाही माणसांना.

आता लुशाला तार लिहायला बसलोय. ग्लेबने बायकोला काय उत्तर दिलं तेच पाठवणार. ती लगेच ओळखेल.

दार वाजतंय. वेनियामिन ल्वोविच आहेत. येऊ देत.

६ एप्रिल

लुशा २८ जानेवारीलाच वारली. नंतरच्या तारा रेनातच्या होत्या. तिने हे पुस्तक वाचलेलं नाही.